गुरुपादप्पांच्या दुकानातली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. तीन पाय माझे स्वतःचे आहेत आणि चौथ्याच्या जागी वीट आहे. लातूरच्या एका कॉलेजात, रंगमंचामागच्या अडगळीच्या खोलीत मी पडून असते. माझ्यावर धूळ आहे, फाटके पडदे आहेत आणि एका राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट आहे. पण एके काळी माझा थाट असा होता की गिऱ्हाईक कापड नंतर बघायचं, आधी मला बघायचं.

गुरुपादप्पा नावाच्या कापड दुकानदाराने मला सुताराकडून अस्सल सागवानात घडवून घेतलं. माझ्या पाठीच्या फळीवर, पुढच्या बाजूने, त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने आपलं नाव ठळक लिहवून घेतलं. ते बसले की नाव त्यांच्या पाठीआड जायचं, उठले की दिसायचं. साऱ्या बाजाराला ते नाव ठाऊक होतं. मला त्याची घमेंड होती, हे कबूल करते.

गुरुपादप्पा गेले तेव्हा त्यांची बायको उमाबाई छत्तीस वर्षांची होती. मुलगी सिंधु शाळेत होती. उमाबाईंनी दुकान चालवलं, पण माझ्यावर कधी बसल्या नाहीत आणि कुणाला बसूही दिलं नाही. रोज सकाळी मला पुसायच्या आणि स्वतः गादीवर बसायच्या. पाच वर्षं मी रिकामी होते. रिकाम्या खुर्चीइतकं निरुपयोगी काही नसतं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, गावोगावचे कारकून आले. दुष्काळही त्याच सुमारास येऊन बसला. त्या कारकुनांत मुखेडचे भीमाशंकर होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही, स्वभाव भित्रा. एका सोमवारी ते हातरुमाल घ्यायला आले. पुढच्या सोमवारी पुन्हा आले, पुन्हा हातरुमालच घेतला. असे चौदा सोमवार गेले. पंधराव्या सोमवारी उमाबाईंनी माझ्यावरून फडकं फिरवलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "उभं किती ऱ्हाता? बसा."

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. भीमाशंकर अगदी कडेला टेकले, जणू मी मोडेन. त्यानंतर उमाबाईंच्या अंगावर बऱ्याच वर्षांनी हिरवं इरकल लुगडं दिसलं. दोघांच्या समाजात दुसऱ्या लग्नाला मनाई नव्हती. फक्त कुणीतरी तोंड उघडायचं बाकी होतं. "सिंधुच्या कॉलेजचं संमेलन झालं की मुखेडला जाऊन थोरल्या भावाच्या कानावर घालतो," भीमाशंकर म्हणाले. उमाबाईंनी हूं म्हटलं आणि कापड उगाच दोनदा मोजलं.

सिंधु तेव्हा कॉलेजात होती. तिला सगळं दिसत होतं आणि आनंदही होता. तिने कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक लिहिलं, गमतीचं. एक विधवा आणि एक विधुर एकमेकांना बघायला लागतात, लाजतात, चुकतात आणि शेवटी लग्न करतात. लोक एकदा पोटभर हसले की खरं लग्न त्यांना टोचणार नाही, असा तिचा हिशेब होता. वय वर्षं एकोणीस, तिला काय कळणार?

कॉलेजात सगळ्या लोखंडी खुर्च्या. तिला दुकानातली खरी खुर्ची हवी होती. उमाबाईंनी हौसेने मला दिलं. "न्या, पण पाय मोडू नका," न्यायला आलेल्या पोरांना एवढंच म्हणाल्या.

माझ्यावरचं नाव झाकायला हवं होतं. सिद्धराम, म्हणजे नाटकातला नवरा, ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. सिंधुने त्याचा हात धरला.

"त्यो नगं. बाबांचं नाव हाय. परत पुसता आलं पायजे."

मग गेरू आणला. त्यात डिंक शिजवून घालायचा असतो, म्हणजे तो धरून राहतो. पण टँकर तीन दिवसांत आला नव्हता, कॉलेजात प्यायला पाणी नव्हतं. पेलाभर पाण्यात नुसताच गेरू कालवला आणि फासला. वाळल्यावर मी छान तांबडी दिसत होते. मलाही बरं वाटलं.

दुपारी नाटक लागलं. हॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगेत उमाबाई, त्याच हिरव्या इरकलात. मागच्या रांगेत भीमाशंकर, बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या मधोमध. सिंधु नाटकातली विधवा झाली होती. सिद्धराम पांढरा सदरा घालून आला आणि माझ्यावर रेलून बसला. प्रत्येक खिशातून एक एक हातरुमाल काढायला लागला. हॉल फुटेस्तोवर हसला. उमाबाई हसता हसता थांबल्या. मी मात्र खूश होते. इतके डोळे माझ्यावर कधीच लागले नव्हते.

मग तो उठला. त्याची पाठ तांबडी झाली होती आणि माझी पाठ उघडी पडली होती. पांढरं नाव लख्ख दिसत होतं.

"आरं, ही तर गुरुपादप्पाची खुर्ची!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग सगळा हॉल पुढच्या रांगेकडे वळून हसायला लागला. आधीचं हसणं बरं म्हणावं, असं हे हसणं होतं. सिंधु संवाद ओरडून म्हणत होती, कुणी ऐकत नव्हतं. एका व्यापाऱ्याने भीमाशंकरांच्या पाठीवर थाप मारली. "काय साहेब, आज कितवा रुमाल?"

उमाबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना एवढंच हवं होतं की भीमाशंकरांनी आपल्यासाठी उठावं, किंवा निदान गप्प बसावं.

भीमाशंकर उठले. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, तसा पुन्हा हशा झाला. तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "माझा काय संबंध? मी कापड घ्यायला जात होतो. बाईच बसा म्हणाली."

उमाबाई पदर सावरून बाहेर गेल्या. नाटकातलं लग्न झालंच नाही. महिन्याभरात भीमाशंकरांनी बदली करून घेतली, मुखेडच्या एसटीत बसले आणि दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सिंधुने मला हातगाड्यावर घालून दुकानात नेलं. वाटेभर ती रडत होती. उमाबाई दारातच उभ्या होत्या.

"आई, शेवट चांगला होता गं. लग्न होत होतं शेवटी."

"मग शेवट आधी दाखवायचा हुता," उमाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नावावर अजून तांबडे ओघळ होते. "हिला कशाला आणलीस? ठिव तिकडंच. हितं बसायला कोण येनार हाय?"

आणि त्यांनी दुकानाची फळी लावली. मी आत गेले नाही.

तेव्हापासून मी कॉलेजात आहे. राजाचं सिंहासन झाले, डॉक्टरची खुर्ची झाले, एकदा एका नाटकातल्या दारुड्याने मला आपटलं आणि माझा पाय गेला. टाळ्या पुष्कळ ऐकल्या, पण आता बरं वाटत नाही.

मित्रांनो, नाटकासाठी कुणाच्या घरची खुर्ची आणा, दिवा आणा, साडी आणा. जपून वापरा, पुसून परत करा. पण त्या घरातलं जे तुम्हाला कुणी दिलेलं नाही, ते उचलून आणू नका. ते परत करता येत नाही. मला पुसायला अजूनही एक फडकं पुरेल. पण "बसा" म्हणणारी ती बाई मला घेणार नाही.