न जमलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुऱ्हाड आहे. खरं सांगायचं तर कुऱ्हाड होता होता राहिलेली. नदीकाठचा काळा धोंडा होते मी, अंगात एक पांढरी शीर असलेला.

तेव्हाच्या माणसांना शेत नव्हतं की घर नव्हतं. एका आईने मला उचललं. दुसऱ्या दगडाचा एकच नेमका घाव घालून माझ्या कडेची ढलपी अलगद काढली. तिला अशी धार, की जाड कातडंही सरकन फाटावं! मग तिने मला लेकीच्या हाती दिलं. लेक एकाच जागी हाणत राहिली. ठक, ठक, ठक! धार काही निघेना, बोटातून रक्त मात्र निघालं. आईने तिचं बोट तोंडात धरलं. मग मला आणि ढलपीला तिथेच टाकून दोघी दुसरा धोंडा शोधायला गेल्या. मी आयुष्यात काहीच कापलं नाही. माझ्यावर गाळ चढला, युगं लोटली.

अलीकडे उत्खनन करणाऱ्यांनी आम्हाला खणून काढलं, मला धुतलं आणि एका लांबट खोलीत टाकाऊ दगडांच्या क्रेटमध्ये ठेवलं. माझी ढलपी मात्र टेबलावर, मऊ कापडावर! बाहेर ट्रक उभा होता. टाकाऊ दगड रस्त्याच्या खड्ड्यांत जाणार होते. माझा जीव टांगणीला लागला. ओरडावं तर तोंड नाही!

"सर, हा क्रेट नेऊ?" दगड धुणाऱ्या ताईंनी विचारलं.

"न्या. नदीने घरंगळत आणलेले आहेत सगळे," उत्खननाचे प्रमुख म्हणाले.

"नीट बघितलेत ना? काल तुमचा चष्मा यातच सापडला."

"तोही नदीनेच आणला होता."

हसत हसत ताईंनी क्रेट उचलला. दारात ऊन पडलं आणि माझी शीर चमकली. त्या थबकल्या.

"अहो, ही रेघ तुमच्या त्या लाडक्या ढलपीवर पण आहे की!"

"चला हो ताई, उशीर होतोय!" ट्रकवाला ओरडला.

"थांब रे बाबा, दगड काय पळून चाललेत?"

सरांनी ढलपी आणून माझ्या कडेला टेकवली. टक्! रेघेला रेघ जुळली. इतक्या युगांनी माझं अंग मला भेटलं. सरांनी मला उचलून उजेडात धरलं. मग माझ्या ठेचलेल्या बाजूवरून अंगठा फिरवत म्हणाले, "एकाच जागी किती हाणलंय! नदीला असा हट्ट नसतो, ताई. कुणीतरी शिकत होतं."

"आणि एकाच घावात निघालेली ही ढलपी शिकवणारीची," ताई हळूच म्हणाल्या.

आता आम्ही दोघी कपाटात, एकाच कापडी पिशवीत आहोत. तरी धास्ती सरत नाही. पिशवीचा कोपरा उसवलाय. कपाट हललं, की ढलपी तिकडे सरकते.

मित्रांनो, शिकताना बिघडलेलं काही दिसलं, तर फेकण्याआधी शेजारचा तुकडा शोधा. आणि कधी हे कपाट उघडलंत, तर तेवढा एक टाका घाला.