पिवळी चौकट

बैठकीहून परतताना भाऊजी तिच्या फाटकाशी थांबले, "काय वहिनी, बरं आहे ना?" म्हणाले आणि उत्तर न ऐकताच पुढे गेले. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्याच घरात राहणारा सख्खा दीर. नवरा गेल्यापासून वहिनीचं बरंवाईट तोच बघत आला होता, पण बरं आहे का असं त्याने कधी विचारलं नव्हतं. बरं नसलं तर सरळ औषध घेऊन यायचा आणि ओट्यावर आपटून निघून जायचा. अशा माणसाने एकाएकी चौकशी करावी म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

बैठक होती तारांची. त्यांची गल्ली लहान, दोन्ही बाजूंनी बैठी घरं आणि शेवटी एक वळण. डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, एखाद्या घाईच्या बाईने कच्चे टाके घालून सोडून द्यावेत तशा. वारा आला की दिवे जायचे. आता खांब काढून सगळ्या तारा जमिनीखाली घालायच्या होत्या. चर खणायचा, नळीतून केबल न्यायची, वरून माती लोटायची. आनंदीआनंद. फक्त एक अडचण होती. जमिनीखालून आलेली केबल घराघरात वाटून देण्यासाठी एक डबा लागतो. डबा म्हणायचं एवढंच, असतं ते चांगलं बुटक्या कपाटाएवढं लोखंडी धूड, आणि ते कुणाच्या तरी दारासमोर उभं करावं लागतं. ते कुणाच्या दारासमोर, हे ठरवायला बैठक होती आणि नेमकी ती गेली नव्हती. शाळा उघडायच्या आत गणवेशांचा ढीग उपसायचा होता. शिवाय भाऊजीच म्हणाले होते, "तुम्ही कशाला येता, मी आहे ना."

मी आहे ना, हेही आता तिला वेगळंच ऐकू यायला लागलं.

कारण तिचं सगळं होतं ते त्या पुढच्या खोलीच्या बुटक्या खिडकीत. खिडकीखाली कापायचं टेबल, शेजारी मशीन. सकाळचा उजेड सरळ टेबलावर येई, आणि त्यात तारांच्या सावल्या अशा सरळसोट पडत की कापडाचा उभा धागा ती त्या सावलीला लावून बघायची. चाळिशी लागून काळ लोटला होता. काळ्या कापडावर काळा दोरा तिला फक्त त्या खिडकीत दिसायचा. मागची खोली म्हणजे भरदुपारी चाचपडायची जागा. खिडकीसमोर कपाट उभं राहिलं की शिवण संपली, आणि शिवण संपली की मुलगी टपलेलीच होती, आई, आता बास, आमच्याकडे ये. मुलगी गुणाची होती, जावई तर त्याहून. पण त्यांच्याकडे गेल्यावर दिवसभर करायचं काय, तर सोफ्यावर बसून कुणी काही देतंय का याची वाट बघायची.

तिने गल्लीत खडा टाकून पाहिला. समोरचे निवृत्त मास्तर, ज्यांचा प्रत्येक गोष्टीला विरोध असतो आणि तारा खाली घालायलाही होता, ते चष्मा पुसत म्हणाले की ठरलंय ते ठरलंय, आपण काय बोलणार. कोपऱ्यावरची दुकानदारीण म्हणाली की तुमचे दीर मोठ्या मनाचे हो. आता यात मोठ्या मनाचा काय संबंध? दुसऱ्याचं दार देऊन टाकायला मन मोठं लागतंच.

मग ती जावेकडे गेली. धाकटी मोरीत कपडे आपटत होती. नेहमीपेक्षा जरा जोरातच.

"डब्याचं काय ठरलं गं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

धाकटीने मान वर केली नाही. "डब्याचं नाव काढू नका ताई. डोकं उठलंय माझं."

"का?"

"का काय. यांना विचारा. यांनीच ठरवलंय सगळं, घरात कुणाला न विचारता." आणि तिने चादर अशी पिळली की जणू चादरीने काहीतरी गुन्हा केला असावा.

एवढं पुरे होतं. बिचारीला स्वतःच्या नवऱ्याचं करणं पटत नाहीये, पण तोंड उघडता येत नाही, असा अर्थ काढून ती घरी आली.

दोनतीन दिवसांनी मोजणीवाला आला. गल्लीच्या कडेने त्याने पांढऱ्या रंगाची लांब रेघ ओढली. ती पडद्याआडून बघत होती. तिच्या खिडकीसमोर तो थांबला. भाऊजी कुठून तरी उगवले, त्याच्या कानाशी लागले, बोटाने जमीन दाखवली, मग दोन्ही हात करून माप दाखवलं. पडदा हलला. भाऊजींनी वर पाहिलं, आवाज आणखी खाली आणला आणि लहान मुलाने काच फोडल्यावर करावा तसा चेहरा केला. मोजणीवाल्याने पिवळ्या रंगाची बाटली उचलून पिचकारी मारली. एक चौकट, चौकटीत फुली. पूर्ण गल्लीत दुसरी कुठेच नाही. फक्त तिच्या खिडकीसमोर.

दोघं गेल्यावर गळ्यातली टेप काढून ती वाकली आणि चौकट मोजली. मग पिशवी घेऊन निघाली ती थेट पलीकडच्या वस्तीत, जिथे तारा आधीच खाली गेल्या होत्या आणि डबा उभा होता. त्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, सवयीने उंचीही घेतली. जवळच्या पायरीवर एक म्हातारेबुवा दात कोरत बसले होते. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं.

"सदरा शिवताय का त्याला?" त्यांनी विचारलं.

"थंडी वाजत असेल बिचाऱ्याला," ती म्हणाली आणि वळली.

मापात माप बसलं होतं. बोटभर इकडेतिकडे, तेवढं तर शिलाईत धरतातच.

तिला शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. उभा जन्म तिने खडूने कापडावर खुणा केल्या होत्या, आणि खूण म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जिथे खूण तिथे कात्री. फुली मारली म्हणजे इथे भोक पाडायचं, काजं तशीच करतात. त्या माणसांनी तिच्या दारात काज आखलं होतं, आणि तेही तिच्या दिराच्या सांगण्यावरून.

भांडावं असं तिला वाटलं नाही. भांडण म्हणजे आपल्याला माहीत आहे हे सांगून टाकणं. दुसऱ्या दिवशी जेवणं होऊन गल्ली आडवी झाली, मास्तरांचं घोरणं सुरू झालं, तशी ती रॉकेलची बाटली आणि तारेचा ब्रश घेऊन बाहेर आली. गुडघ्याखाली गोणपाट घातलं आणि घासत बसली. रंग मोठा चिवट. कोपर दुखायला लागलं तरी तिने सोडलं नाही. अखेर तिथे नुसता एक ओशट, फिकट डाग राहिला, त्यावर तिने कुंडीतली माती पसरली.

एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण उठताना तिची नजर भाऊजींच्या फाटकावर गेली. ऑइलपेंट दिलेलं, लख्ख. ती आत गेली, पिवळा खडू घेऊन आली आणि त्यांच्या फाटकासमोर तेवढीच चौकट, तशीच फुली, मापात काढली. हात सवयीचा. चारी कोपऱ्यांना नकळत तिने छोटी आडवी टीक दिली, जशी गळ्याच्या नि बाहीच्या खुणेला देते.

खणायच्या दिवशी सकाळी ती खिडकीत येऊन बसली. भाऊजींच्या फाटकासमोरची जमीन ओली होती. धाकटीने बादल्या ओतून अंगण तर धुतलंच होतं, रस्ताही धुतला होता. चौकटीचा मागमूस नव्हता. जाऊ द्या, आपल्या दारातली गेली ना, असं म्हणून तिने मशीनमध्ये दोरा ओवला. एकही टाका घातला नाही.

खोदणारं यंत्र धडधडत आलं. मागे मुकादम, हातात काठी. यंत्राचा पंजा पांढऱ्या रेघेवरून माती उपसत पुढे सरकत होता. भाऊजींच्या फाटकासमोर मात्र मुकादमाने यंत्र थांबवून चराच्या कडेने एक मोठा खड्डा काढून घेतला. तो कशाला ते तिला कळेना. मग यंत्र तिच्या खिडकीसमोर आलं. ती श्वास धरून बसली. यंत्र थांबलं नाही. डब्यासाठी खड्डा काढला नाही, बाजूला वळलं नाही, सरळ रेघेवरून पुढे निघालं. तिच्या ओठांवर हसू येतच होतं, इतक्यात पंजाला काहीतरी लागलं, कडकन आवाज झाला आणि चरातून पाण्याचा फवारा उडाला तो थेट खिडकीच्या गजांवर. अर्धा गणवेश भिजला.

त्यानंतर कोण कुठून आलं तिला कळलं नाही. भाऊजी अनवाणी धावत आले, कोपऱ्यावरचा कॉक फिरवायला एकाला पिटाळलं आणि स्वतः चरात उतरले. "कापड द्या वहिनी, काहीही द्या." तिने टेबलावरच्या निळ्या कापडाच्या पट्ट्या उचलून दिल्या. त्यांनी त्या फुटलेल्या नळाला आवळल्या. फवारा खाली बसला. गल्ली गोळा झाली.

मुकादम पिसाळला होता. "इथे पिवळी चौकट होती," तो काठी आपटून म्हणाला. "या साहेबांनी सांगितलं म्हणून मोजणीवाल्याने मुद्दाम मारली होती. पिवळी चौकट म्हणजे यंत्र थांबवायचं, हाताने खणायचं. कुणी पुसली?"

तिने भिजका गणवेश टेबलावरून उचलला आणि तसाच परत ठेवला. म्हणजे यांच्यात खूण असते ती कात्री लावू नका म्हणून.

मुकादमाची नजर फिरत मास्तरांवर थांबली. तारांना विरोध करणारे तेवढेच. हळूहळू सगळी गल्लीच मास्तरांकडे बघायला लागली. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"पावसाने गेली असेल," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात औषधाला ढग नव्हता. धाकटी मात्र मुकादमाच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती, आणि जावेकडे तिने एकदाही पाहिलं नाही. त्यामुळेच तिला कळलं की हिला ठाऊक आहे. कोपऱ्यातली ती टीक या गल्लीत दुसऱ्या कुणाची असणार होती? हिचे झगे आणि हिच्या पोरांचे शर्ट त्याच टिकेवर बेतलेले.

मास्तर अजून तसेच उभे होते.

"मी पुसली," ती खिडकीतून म्हणाली. "डबा माझ्या दारात येणार असं वाटलं मला."

चरात गुडघाभर चिखलात उभे असलेले भाऊजी मान वर करून बघत राहिले.

"डबा आमच्या दारात आहे वहिनी. तो काय खड्डा काढून ठेवलाय. कुणीच घेईना, म्हणून मी घेतला. हिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"मी कशाला सांगू?" धाकटी उसळली. "तुम्ही मला विचारून घेतलात का? आणि मी म्हटलं ताईंना माहीत आहे, म्हणून तर आपल्या फाटकापुढे खडूने जागा आखून चिडवतायत मला. दोन बादल्या ओतल्या मी रागाने."

कुणीतरी खुदकन हसलं. मुकादमाने कपाळाला हात लावला आणि माणसांना फावडी आणायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत नळ जोडून झाला. चरावर फळी टाकली होती. भाऊजी फळीवरून येऊन तिच्या पायरीवर बसले, पायाचा चिखल काडीने खरवडत. ती आत गणवेशाला इस्त्री करून तो वाळवत होती. माफी कशी मागायची हे तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "इथला नळ इतका वरवर गाडलाय हे तुम्हाला कसं ठाऊक?"

भाऊजींचा चेहरा पुन्हा तसाच झाला, काच फोडल्यासारखा.

मग त्यांनी सांगितलं. तिच्या लग्नाआधीची गोष्ट. वडिलांनी दोघा भावांना बजावलं होतं, नळ कमरेएवढा खोल गाडायचा. उन्हाचे दिवस, जमीन दगडासारखी, आणि पोहायला जायची घाई. वीतभर खणलं आणि कंटाळले. वडील ओसरीवर बसून बघत होते, त्यांना वरून नुसती डोकी नि पाठी दिसत. तेव्हा तिच्या नवऱ्याने युक्ती काढली. दोघं खड्ड्यात गुडघ्यांवर बसले आणि तसेच कुदळ मारत राहिले. वडिलांना वाटलं, पोरं कमरेपर्यंत खाली गेली. शाबासकी देऊन ते आत गेले.

"दादाने शपथ घातली होती," भाऊजी म्हणाले. "कुणाला सांगायचं नाही. तुम्हाला तर नाहीच. बैठकीहून येताना सांगायला म्हणून तुमच्या फाटकाशी थांबलो, तर तोंडातून भलतंच निघालं. म्हणून त्या मोजणीवाल्याच्या कानात सांगावं लागलं."

तिने इस्त्री उभी ठेवली. हाच तो नवरा, जो तिच्या प्रत्येक शिवणीला बोट लावून म्हणायचा, डबल टाका घाल, काम कसं पक्कं पाहिजे. आणि त्याने म्हणे खड्ड्यात गुडघे टेकले होते. तिला हसू आलं, ते आवरता आवरता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसता मनात दुसरंच काही येऊन बसलं.

"भाऊजी, खरं सांगा. अजून काय काय केलंय तुम्ही दोघांनी या घरात?"

"काही नाही," ते म्हणाले. जरा लवकरच म्हणाले. आणि म्हणताना त्यांची नजर क्षणभर तिच्या खांद्यावरून मागे, परसाकडे गेली. तिथली भिंतही दोघा भावांनी मिळूनच बांधलेली.

पुढच्या आठवड्यात खांब निघाले, तारा निघाल्या. टेबलावर नुसता मोकळा उजेड पडू लागला. धागा सरळ आहे का ते बघायला आता सावली नव्हती, तिने पट्टी आणली. भाऊजींच्या फाटकापुढे डबा उभा राहिला. त्यावर उशीचं कापड पसरून संध्याकाळी धाकटी आणि ती भाज्या निवडायला लागल्या, उभ्यानेच. उंची अगदी ओट्याएवढी होती, ती तर तिने आधीच घेऊन ठेवली होती.

पण त्याआधी, ज्या संध्याकाळी भाऊजी पायरीवरून उठून घरी गेले, त्या संध्याकाळी ती परसात गेली. इकडे तिकडे कुणी नाही असं पाहून तिने दोन्ही हात भिंतीला लावले आणि हळूच ढकलून बघितलं. भिंत हलली नाही. तरीही तिने कपडे वाळत घालायची दोरी त्या भिंतीच्या खिळ्यावरून सोडली आणि पलीकडच्या झाडाला नेऊन बांधली.