पेटीतला सोबती

मंगळवार, ९ मार्च १८९७. सकाळी सव्वासहाला बिट्रिसने पेटीवरचं फळकूट उचललं आणि शिळं गवत काढायला आत हात घातला. हाताला दोन अंगं लागली. एक ऊबदार होतं, दुसरं नव्हतं. पेटीत गिनीपिग एकच होता.

तिने हात पदराला पुसला आणि त्या पदराकडे बघत राहिली.

"अवो, जरा इकडं या. दिवा घेऊन या."

गिल्बर्ट ठाणे स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला होता. कामावर निघायच्या बेतात होता. त्याने वाकून पाहिलं. गिनीपिगाच्या कुशीला लागून एक काळा उंदीर पडला होता. घरात असतो तसाच, साधा. अंगावर चावल्याची खूण नव्हती.

उंदीर पडला की घर सोडायचं, हे त्या फाल्गुनात ठाण्यातल्या पोरांनाही ठाऊक होतं. तलावापलीकडच्या आळीत आठवड्यात पाच घरं रिकामी झाली होती. प्लेगच्या तपासणीची तुकडी रोज नऊच्या सुमारास येई, काखा आणि जांघा चाचपून बघे. संशयित माणूस गावाबाहेरच्या एका छपरीत जाई, त्याच्या घरचे दुसऱ्या. बिट्रिसच्या आळीतून गेलेल्या तिघांपैकी अजून कोणी परतलं नव्हतं.

पेटीशेजारच्या बाजेवर सात वर्षांची लुर्दस झोपली होती. पेटी तिथे बिट्रिसनेच आणून ठेवली होती. विलायतेला परतताना गिनीपिगांची जोडी देऊन गेलेल्या मडमेने सांगितलं होतं, हे असले की उंदीर जवळ फिरकत नाहीत. साथ आली तेव्हा बिट्रिसला ते आठवलं. जोडीतली मादी त्याआधीच मांजराने मारली होती, म्हणून मांजर शेजारी रखमाबाईकडे देऊन टाकलं होतं. एकटा राहिलेला नर दिवसभर ओरडे, खाईना. कालपासून मात्र गप्प होता. सवय झाली असेल, असं तिला वाटलं होतं.

"मी याला जाळतो," गिल्बर्ट म्हणाला. "तू तोंड उघडू नको."

"कोलशेतला बाबांकडं जाऊ या. आत्ताच."

"घर बंद दिसलं की विचारतीलच. कुठं गेले, का गेले. मग तुझ्या बाबालापण उचलतील."

त्याने चिमट्याने उंदीर उचलला, परसात गवतावर ठेवून घासलेट ओतलं. धूर कुडावरून पलीकडे गेला तशी रखमाबाई कुडापाशी आली.

"काय गं बिट्रिस, सकाळी सकाळी काय भाजतेस? तुमचे ईस्टरचे उपास चाललेत ना?"

"जुनं गवत आहे."

"गवताला केसांचा वास?" रखमाबाईने नाकाला पदर लावला. "तरी सांगत होते, त्या विलायती ध्यानापायी मांजर घालवू नको. माझ्या घरात बघ, उंदराचं शेपूटसुद्धा दिसायचं नाही."

ती हसत होती. मग गिल्बर्टच्या हातातला चिमटा तिला दिसला. ती आत गेली आणि तिच्या परसदाराची कडी लागल्याचा आवाज आला.

बिट्रिस घरात आली तेव्हा लुर्दस उठून पेटीत डोकावत होती.

"आई, त्याचा सोबती कुठं गेला?"

"कोण सोबती?"

"काळा. काल दुपारी चुलीमागं होता. त्याला चालायला येत नव्हतं, नुसता गोल गोल फिरायचा. याला एकटं वाटतं ना, म्हणून मीच उचलून आत ठेवला."

"उचलून? कशानं?"

लुर्दसने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

बिट्रिसने तिला मोरीत नेलं, चुलीवरचं कढत पाणी घेतलं आणि कोपरापर्यंत हात घासले, पोर रडेपर्यंत. मग काख पाहिली. काही नव्हतं.

गिल्बर्ट त्या दिवशी कामावर गेला नाही. तुकडी साडेनऊला आली. डॉक्टरने दारातच विचारलं,

"घरात उंदीर पडलाय?"

"नाही साहेब," गिल्बर्ट म्हणाला.

लुर्दसने बापाकडे मान वर करून पाहिलं. बिट्रिसने तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरची बोटं दोन्ही काखांतून फिरली, थांबली, लाल झालेल्या हातांवर गेली.

"हे काय?"

"अंगणात मातीत खेळते," बिट्रिस म्हणाली. "घासून काढले."

"पुढचं घर," डॉक्टर म्हणाला.

पुढचं घर रखमाबाईचं होतं. तिथे तुकडी बराच वेळ होती. बिट्रिस दाराआड उभी राहून ऐकत होती. बोलणं कानावर येत होतं, शब्द कळत नव्हते. तुकडी तिथून पुढे गेली, यांच्या दाराशी परत आली नाही.

बुधवारी ताप नव्हता. गुरुवारीही नव्हता. बिट्रिस तासातासाला पोरीची काख बघे. गिल्बर्ट कामावरून आला की दारातूनच विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरठा ओलांडत नसे.

शुक्रवारी सकाळी सहाला काखा साफ होत्या. बिट्रिसने कपाळाला हात लावला, तर गरम लागलं नाही. आपलाच हात गरम असेल म्हणून तो गार पाण्यात बुडवून पुन्हा लावला, तर कपाळ तापलेलं लागलं.

लुर्दसने डोळे उघडून पाणी मागितलं. पोरीने तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितलं.