यादीतलं चौथं नाव

"बाबांचं नेट गेलं आणि ते तुझं दार वाजवायला आले नाहीत, तर समज काहीतरी बिनसलंय," नाशिकला परत जाताना मीराताईने बजावलं होतं. श्रुतिका तेव्हा तिच्या लेकीला, गार्गीला भरवत होती. "अहो ताई, कसलं काय! सिग्नल जरा हलला की दोन मिनिटांत काका दारात हजर," म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

खोटं नव्हतंच ते. मीराताईचे वडील कुंडलिककाका म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारी. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. वर्षापूर्वी श्रुतिकानेच त्यांच्या टॅबमध्ये आपल्या वायफायचा पासवर्ड घालून दिला होता. चित्र अडकलं की काका दार वाजवायचे, "पोरी, तुझ्या त्या डब्याला जरा थोपट गं, माझी कबड्डी थांबली!"

श्रुतिका घरबसल्या लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायची. लॅपटॉपवरच्या फाइली वायफायवरून हॉलमधल्या डिस्कवर टाकायच्या, त्याही गार्गी सकाळी झोपते तेवढ्या पाऊण तासात. आणि आठवडाभर त्या फाइली अशा रांगत होत्या की विचारू नका. दहा महिन्यांची गार्गी त्यापेक्षा जोरात रांगायची.

"काकांना काढ वायफायवरून," पवईच्या ऑफिसला निघताना तिचा नवरा सर्वेश म्हणाला. "भिंतीपलीकडून एक जण ओढत बसला की घरातल्यांची वाट लागते."

"कशावरून रे?"

"मोजून बघ ना मग. तुला सगळं मोजायची हौसच आहे."

होतीच. गार्गीच्या दुधाच्या वेळा, ढेकर, ताप, सगळं एका वहीत. त्याच वहीच्या मागच्या पानावर तिने रकाने आखले. फाइल तीच घ्यायची, सपना नावाच्या एका नवरीच्या हळदीची, चार जीबीची. हॉलमध्ये केबल लावून सेकंदाला एकशे आठ एमबी. पण केबल कायमची टाकायची सोय नाही. गार्गीला दिसेल ते तोंडात. वायफायवर, हॉलमध्ये चौदा. बेडरूममध्ये नऊ.

नऊ! श्रुतिकाने वायफायचं अ‍ॅप उघडलं. जोडलेल्यांची यादी आली: लॅपटॉप, टीव्ही, तिचा फोन, आणि चौथं नाव 'काका'. दहाच मिनिटं, असं स्वतःला सांगत तिने 'काका'वर बोट ठेवलं आणि ब्लॉक केलं.

बेडरूममधूनच पुन्हा तीच फाइल. एकेचाळीस! साडेसात मिनिटांचं काम पावणेदोन मिनिटांत.

'जिंकलास,' तिने सर्वेशला लिहिलं.

'सांगत होतो ना! आता काकांना काय सांगशील?'

हे मात्र तिने ठरवलं नव्हतं. 'कंपनीकडूनच गेलंय हो' म्हणावं? दार वाजलं की बघू. ती कान दाराकडे लावून बसली. विमानतळ जवळच; वरून एक विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. गार्गीने कूस बदलली. दार काही वाजलं नाही.

उगाच आणखी एकदा मोजलं. अडतीस. मग पाण्याचा पेला भरला, न पिता ठेवला. दाराच्या पीपहोलमधून पाहून आली. जिना रिकामा. रागावले असतील? झोपले असतील? पण झोपले असते, तर मघापर्यंत ओढत कोण होतं? टॅब चालू होता म्हणूनच तर तो बंद केल्यावर वेग वाढला. म्हणजे चित्र थांबलं, आणि तरीही काका आले नाहीत.

मीराताईच्या शब्दांचा अर्थ आता कुठे तिच्या लक्षात आला.

तिने घाईघाईने ब्लॉक काढला. दहा सेकंद झाले नसतील तोच तिचा फोन वाजला. काकांचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर नुसतं छत आणि पंख्याचं एक पातं.

"पोरी... लाइन आली का गं?"

खिळ्यावरची काकांच्या घराची किल्ली ओढली, झोपलेल्या गार्गीला कडेवर घेतलं आणि ती धावली. काका स्वयंपाकघरात आडवे, पाय वाकडा. चहा करायला उठले होते, ओल्या लादीवरून घसरले. ओट्यावरचा टॅब चार्जरच्या वायरीने खाली ओढून घेतलेला.

"मीराला लावत होतो, तुला लावत होतो. नुसतं चाक फिरायचं. ओरडलोसुद्धा. पण ही विमानं ऐकू देतात होय?"

"काका, मीच बंद केलं होतं," श्रुतिका म्हणाली. तिने फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावला. "फाइलचा वेग मोजायला."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "किती आला?"

"एकेचाळीस. तुम्ही असताना नऊ."

"मग मी बराच खात होतो म्हणायचं."

तिला हसूही येईना, रडूही येईना.

मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळेल, असं डॉक्टर म्हणाले. मीराताई रात्रीपर्यंत पोचली. तिला सगळं सांगताना श्रुतिकाने एक शब्द लपवला नाही. काका घरी परतल्यापासून वायफाय हॉलमध्ये पुन्हा चौदानेच चालतं, आणि कधी अचानक चाळीस झालं, की श्रुतिका हातातलं काम टाकून आधी शेजारची बेल वाजवते.

तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या वायफायची यादी उघडा. घरातलं नसलेलं एखादं नाव त्यात असेल, आणि आज ते दिसत नसेल, तर नेट कसं सुसाट चाललंय म्हणून खूश होऊ नका. जा, त्यांचं दार वाजवून या.