चालू आहे तोवर

सिद्धाराम अण्णांच्या टॉवेल कारखान्यात जिन्याखाली एक खोली आहे. खोली म्हणायचं आपलं. आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्यानं दारातूनच बोलावं लागतं. तिथं लोखंडी कपाटात कारखान्याचा सर्व्हर अकरा वर्षांपासून घरघरतोय. ऑर्डरी त्यात, कुठला माल कुठं गेला ते त्यात, आणि मुख्य म्हणजे धुळाप्पा मास्तरांनी बावीस वर्षांत काढलेली सगळी जकार्ड डिझाइनं त्यात. मोर, वेली, हत्ती, परदेशी हॉटेलांची नावं, जे काही टॉवेलावर विणून निघतं ते आधी ह्या कपाटातून मागावर जातं. कपाट बंद म्हणजे छत्तीस माग बंद, इतकं सरळ आहे.

ह्या कपाटाचं सगळं मनाली सरवदे बघायची. आठ वर्षं झाली. तिच्या वर्गातली झाडून सगळी पोरं पुण्याला गेली, ही गेली नाही. आई गेल्यावर वडिलांना एकटं टाकायचं नव्हतं, आणि वडील सोलापूर सोडायचं नाव काढत नव्हते. सोलापुरात असल्या कामाच्या नोकऱ्या काय झाडाला लागलेल्या नसतात. तेव्हा ही नोकरी तिनं जपायलाच हवी होती. पण जपून बोलणं हा प्रकार बाईच्या अंगातच नव्हता, त्याला कोण काय करणार?

तीन वर्षं तिचं एकच मागणं होतं, सर्व्हर बदला. आधी तोंडी सांगितलं, मग अर्ज दिला, मग अर्जाला दुखण्यांची यादी जोडली. बनवणाऱ्या कंपनीनं सुटे भाग देणं बंद केलंय. वीज घेणारे दोन डबे होते त्यातला एक कायमचा गेलाय. एक डिस्क जुन्या बाजारातून आणून बसवलीय. टॉवेलांची फूस, म्हणजे सुताचे उडालेले बारीक तंतू, पंख्यात जाते, ती दर शनिवारी ब्रशनं काढावी लागते. डिझाइनांच्या प्रती ती दर आठवड्याला काढून ठेवायची, पण नुसत्या प्रतींनी भागत नव्हतं. त्या उघडणारा प्रोग्राम ह्या एकाच मशीनवर चालायचा आणि तो लिहिणारी मंडळी कधीच दुकान बंद करून गेली होती. एकेक डिझाइन जुन्यावर उघडायचं आणि नव्यासाठी उतरवून घ्यायचं, दुसरा रस्ता नव्हता. त्यासाठी जुना जिवंत असायला हवा. हे सगळं तिनं लिहून दिलं होतं, खाली सही ठोकून.

अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं, "चालतंय की." मग ते तिला खाली नेऊन आपल्या वडिलांनी घेतलेला माग दाखवायचे. चाळीस वर्षांचा, आणि अजून धडाधड चालतो. मनाली म्हणायची, अण्णा, माग बिघडायच्या आधी महिनाभर कुरकुरतो, आणि धागा तुटला तर गाठ मारता येते. हा काल ठणठणीत असतो आणि आज नसतो. अण्णा हसायचे आणि चहा मागवायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं.

आणि मग यायची खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात कुठलंच यंत्र चालत नाही. माग पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे, आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, दोन दिवस त्यांनाही विसावा नको का? पूजा धुळाप्पा मास्तरांच्या हातची. दोन वर्षांपूर्वी सर्व्हरही असाच बंद केला होता, आणि मास्तरांनी भक्तिभावानं मूठभर कुंकू नेमकं पुढच्या जाळीवर लावलं. सुरू करताना पंख्यानं ते सगळं आत ओढलं. दीड दिवस मनाली जमिनीवर पसरून बसली होती आणि छत्तीस माग गळ्यात हार घालून उभे होते. तेव्हाच तिनं ठरवलं, पुन्हा ह्याला बंद करायचं नाही. गेल्या वर्षी तिनं नुसता स्क्रीन बंद केला, दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली आणि कपाटाचं दार ओढून घेतलं. पूजा बाहेरून झाली. कुणाला पत्ता लागला नाही.

ह्या वर्षी मास्तरांनी दार उघडलं. हार आतच घालू म्हणाले. प्रत्येक मागाला हात लावून नमस्कार करायची त्यांची पद्धत, तसाच ह्यालाही हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"हे गरम हाय की."

मागं नवे कपडे घातलेला अख्खा कारखाना उभा होता, पुढं खुद्द अण्णा. मनालीला म्हणता आलं असतं, विसरले. तसं ती म्हणाली नाही. तिनं सरळ सांगून टाकलं, की बंद केलेला नाही, आणि गेल्या वर्षीही केला नव्हता. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. वर्षभर ज्या पूजेवर ते निर्धास्त होते ती चालत्या यंत्राची झाली होती, आणि हे त्यांना सगळ्यांसमोर कळत होतं. तेवढ्यात घडी खात्यातला एकजण मागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, ह्यांच्यात कुठं असते खंडेनवमी, ह्यांना काय त्याचं.

मनाली वळली. "माझ्यात नसते," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्ही सगळे घरी सणाचं जेवता तेव्हा मी इथं येऊन ह्याचा पंखा बघून जाते." तो गडी आपल्या नव्या चपलांकडं बघत बसला.

अण्णा म्हणाले, बंद कर. ती म्हणाली, करणार नाही, दोन दिवस थंड पडला तर डिस्क फिरायची नाही. अण्णांचा पारा चढला. तीन वर्षं नव्यासाठी माझ्या डोक्यावर बसलीस, आता देवाच्या कामातबी तुझं तेच, असं ते बोलून गेले. मास्तरांची तिनं माफी मागितली असती, मनातून तिला वाईट वाटतच होतं. पण आपण नव्या मशीनसाठी ढोंग करतोय, हे ऐकल्यावर तिचं डोकं फिरलं.

"ठीक आहे, करते बंद," ती म्हणाली. "परवा सकाळी मीच बटण दाबते. उठला नाही तर त्याच दिवशी नवा मागवायचा. उठला तर ह्या खोलीची किल्ली तुमच्या हातात ठेवून मी कायमची घरी जाते."

"कबूल," अण्णा म्हणाले.

तिनं रीतसर, पायरी पायरीनं सर्व्हर बंद केला. घरघर थांबली तशी खोली एकदम परकी वाटायला लागली. मास्तरांनी हार घातला, ह्या खेपेला जाळी सोडून, बाजूला.

दसऱ्याच्या दिवशी मनाली पांढरी साडी नेसून वडिलांबरोबर विहारात गेली. वंदनेत ओठ हलत होते, चित्त जिन्याखाली होतं. घरी येऊन चहा घेताना तिनं वडिलांना पैजेचं सांगितलं. वडील, यशवंतराव, होटगी जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, तिथूनच निवृत्त झाले. तिला वाटलं, शाबास म्हणतील. म्हाताऱ्यानं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, आमच्यात सिग्नलचा रिले कितीबी चांगला चालत असला तरी त्याची तारीख भरली की काढायचा. तो मरतोय का ह्याच्यावर आमी कधी पैज लावली न्हाय, वरून गाडी जात असते.

"तू कशावर पैज लावलीस कळतंय का तुला?" ते म्हणाले. "तो मेला तर तू जिंकणार. म्हंजे दोन दिवस तू त्याच्या मरणाची वाट बघतीयास. त्या मास्तरची बावीस वर्षं हायेत त्यात."

मनाली चहा तसाच टाकून उठली. राग आला, कारण खरं होतं. आणि ह्याहून वाईट असं एक तिनं वडिलांनाही सांगितलं नव्हतं. डिस्क बोटभर सैल करून ठेवली तर सोलापुरात कुणालाही कळणार नाही, हा विचार तिच्या मनात एकदा नाही, तीनदा येऊन गेला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी कारखाना नऊला सुरू व्हायचा होता, ती सातलाच हजर. कपाट उघडून तिनं एकेक भाग बाहेर काढला, फूस झाडली, मेमरीच्या पट्ट्यांची टोकं खोडरबरानं घासून लख्ख केली, वायरी पुन्हा दाबून बसवल्या. उठायचा असेल तर नीट उठू दे, मग माझं काय व्हायचं ते होवो. साडेसातला मास्तर मागांवरचे सुकलेले हार काढायला आले आणि दारात थबकले.  थोड्या वेळानं त्यांनी तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि उजेड धरून उभे राहिले.

नऊला सगळे जिन्याखाली जमले. मनालीनं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि डिस्क फिरायच्या आधीच सगळं विझलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आता अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. चार दिवसांत एक मोठी ऑर्डर जायची होती, आणि चालतंय की म्हणायला काही चालतच नव्हतं. मनाली तिथंच थांबली असती तर पैज तिची होती, शंभर माणसं साक्षीला होती. तिनं डिस्क बाहेर काढली, तळहातावर आडवी धरली, मनगटाला एक झटका दिला. अडकलेली चकती कधीकधी अशी सुटते. एकदाच सुटते, फार तर दोनदा. डिस्क बसवून तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं. आतून बारीक सूर निघाला, वाढत गेला, आणि पाच मिनिटांनी स्क्रीनवर डिझाइनांची यादी उघडली.

टाळ्या पडल्या. अण्णा एवढे मोठ्यानं हसले की बाहेरचा वॉचमन डोकावला. मनालीनं पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. अण्णांचा जीव भांड्यात पडलेला, ते दिलदार झाले होते. राहू दे गं, पैज कसली न् काय, लाग कामाला, म्हणाले. फक्त आता पाच वर्षं नव्याचं नाव काढायचं न्हाय.

"नाही अण्णा," मनाली म्हणाली. "पैज मी हरले, किल्ली तुमची. पण माझं म्हणणं हरलेलं नाही. हा उठला नाही, ह्याला मी उठवलाय. पुढच्या वेळी माझ्यानंही उठायचा नाही. चालू आहे तोवरच ह्यातलं बाहेर काढता येतं. मेल्यावर नवा आणाल तो रिकामा येईल."

अण्णांना हे सगळ्यांसमोर सहन होणार थोडंच. त्यांनी किल्ली मास्तरांपुढं धरली, ठेवा तुमच्याकडं म्हणाले. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. अण्णांनी ती डिस्पॅचच्या क्लार्कपुढं धरली. त्याला नेमका तेव्हाच मोबाइल बघायचा होता. घडी खात्यातला तो गडी, काल-परवा एवढं बोलणारा, दोन पावलं मागं सरकला. साधी पितळी किल्ली, पण हात पुढं करील असा एक माईचा लाल तिथं निघाला नाही.

"अण्णा," धुळाप्पा मास्तर म्हणाले, "दोनदा दाबूनबी त्यो मेलेलाच हुता. हिनं हात लावला नसता तर ही जिंकली असती, आन् माझं सगळं गेलं असतं. साडेसातपास्नं बघतोय मी. सवताच्या पोटावर पाय दिऊन माझी डिझाइनं वाचीवली हिनं."

 पलीकडं काही विणकर मागांपाशी जाऊन उभे होते, डिझाइन कधी येतंय म्हणून एकजण जिन्यावरून वाकून बघत होता. अण्णा खालच्या पायरीवर बसले. नव्या धोतराला फूस लागली, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी विचारलं, सगळं उतरवायला किती दिवस लागतील.

"नवा आल्यापासून दोन महिने," मनाली म्हणाली. "तोवर ह्याला बंद करायचं नाही. लक्ष्मीपूजनालाही नाही."

"आन् मधीच गेला तर?"

"तर तोवर जेवढं उतरलं तेवढं तुमचं. तीन वर्षांपूर्वी सही केली असती तर सगळं तुमचं होतं."

हे बोलायची गरज होती का? नव्हती. पण तिनं ते बोलून घेतलं, आणि अण्णांनी ते ऐकून घेतलं. त्यांनी ऑफिसातून तिचा अर्ज मागवला. तीन अर्ज आले, तीन वर्षांचे. वरचा घेऊन त्यांनी गुडघ्यावरच सही केली आणि आजच्या आज ऑर्डर पाठवा म्हणून क्लार्कच्या हातात दिला. मग उठून किल्ली मनालीपुढं धरली.

मनालीनं ती घेतली नाही. "पैज हरलेय मी, नोकरीचं नंतर बोलू," ती म्हणाली. "मास्तरांचं काम तोवर थांबायला नको." तिनं मास्तरांसाठी स्टूल ओढलं, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि उतरवायच्या यादीत कुठलं डिझाइन आधी घेऊ म्हणून विचारलं. मास्तरांना पटकन सांगता येईना. अण्णा किल्ली हातात घेऊन दारातच उभे होते, आत तिसऱ्याला जागा नव्हती.