गल्ल्याच्या वरच्या खणात

निलंग्याच्या बाजारात विरूपाक्षचं सरकी-पेंडीचं दुकान. गिऱ्हाइकाशी बोलण्यात तो कुणाला हार जायचा नाही, पण घरी आईपुढं उभा राहिला की त्याची बोबडी वळायची. वळणारच की. दोन वर्षं तो तिच्याशी खोटं बोलत आला होता.

खोटं एवढंच, की त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं. त्यांच्या लिंगायतांत मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. त्याची आई शिवगंगाबाई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, ती रोज सकाळी आंघोळ करून आपलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची. शेजारी पाच वर्षांचा नातू शिवांशही तसाच तळहात पुढं करून बसायचा, निम्मं भस्म कपाळाला आणि निम्मं नाकाला फासून. विरूपाक्ष मात्र पूजा दुकानात करतो म्हणून सटकायचा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पोती उचलून उचलून दोऱ्याखाली घामोळं उठलं, म्हणून त्यानं लिंग काढून गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवलं होतं. घामोळं गेलं, लिंग खणातच राहिलं. बायकोला, मंजुश्रीला, हे ठाऊक होतं. ती बिचारी नुसते डोळे वटारायची.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात शिवांशचा खोकला हटेना म्हणून लातूरला दाखवलं, तर डॉक्टरांनी नळी छातीवरून उचललीच नाही. पोराच्या हृदयाला छिद्र निघालं. जन्मापासूनचं आहे, अजून वजन वाढू द्या, मग ऑपरेशन करू, असं ते नीट समजावून सांगत होते. विरूपाक्षनं मान डोलावली, पण त्याच्या डोक्यात एकच घुसलं होतं. आपण लिंग काढलं आणि ते पोराला भोवलं. हे त्यानं मंजुश्रीलाही सांगितलं नाही. कितीदा खण उघडला, पण परत घालायला हात धजेना. घातलं म्हणजे आपल्या पापाला आपणच होकार भरला, असं त्या खुळ्याला वाटायचं.

दोन वर्षं लातूरला खेटे घातल्यावर शेवटी नांदेडच्या दवाखान्यातली तारीख मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच सुकन्या सिस्टर हिरवा झगा घेऊन आल्या आणि पोराच्या अंगावरचं सगळं काढा म्हणाल्या. कडदोरा निघाला, मनगटातला काळा दोरा निघाला. सिस्टरचा हात गळ्याकडं गेला तशी शिवांशनं लिंगाची चांदीची डबी मुठीत आवळली.

"अव्वानं सांगितलंय, काढायचं न्हाई."

आता आली का पंचाईत! मंजुश्रीनं मोटारीची लालूच दाखवली. सिस्टरनी गोड बोलून पाहिलं. खुद्द अव्वा म्हणाली, काढ माझ्या राजा, आजच्या दिवस चालतंय. पण पोरगं तिच्यावरच उलटलं, तूच म्हणाली होतीस ना, कुणी सांगितलं तरी काढायचं नाही? अव्वाचीच शिकवण, ती इतकी पक्की की आता तिचंच तिला निस्तरेना. शिवांश रडायला लागला. रडता रडता त्याला धाप लागली, आणि धाप तेवढी लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. न्यायची वेळ झाली म्हणून सिस्टर दाराकडं बघायला लागल्या.

विरूपाक्ष खाटेवर पोरासमोर बसला आणि आईच्या देखत त्यानं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.

"बघ, माझ्या गळ्यात हाय का?"

शिवांशनं रडणं थांबवून आत हात घातला. मानेपासून बेंबीपर्यंत चाचपून पाहिलं. "कुठं गेलं?"

"दुकानात हाय. लई दिस झालं काढून."

"मग तुला काय झालं न्हाई?"

विरूपाक्षनं पोराचे डोळे पुसले. "न्हाई रे. काय सुदिक झालं न्हाई."

पोरानं क्षणभर विचार केला आणि मूठ सोडली. दोरा त्यानं स्वतःच डोक्यातून काढला आणि तू घाल तवर म्हणून बापाच्या डोक्यात घालायला लागला. तो कुठला बसायला! कानाशीच अडकला. मंजुश्रीनं रडत रडत गाठ सोडून तो नवऱ्याच्या गळ्यात बांधला. मग ढकलगाडी आली आणि पोराला घेऊन गेली.

चार तास बाहेर बाकावर. अव्वा तोंड फिरवून बसली. तिनं चार लोकांत मुस्कटात मारली असती तरी विरूपाक्षला बरं वाटलं असतं. शेवटी तो तिच्या पायाशी फरशीवर जाऊन बसला आणि मनातलं सगळं ओकला. मी काढलं, अव्वा, म्हणून माझ्या लेकराच्या काळजाला भोक पडलं.

अव्वानं त्याची हनुवटी वर केली.

"डाक्टर काय म्हनला? भोक कवाचं हाय?"

"जन्मापासूनचं."

"पोरगं जलमलं तवा तुज्या गळ्यात लिंग व्हतं का न्हवतं?"

"व्हतं."

"मग?" अव्वानं त्याचं डोकं आपल्या गुडघ्याशी ओढून घेतलं. "दोऱ्यासाठी लेकराचं काळीज टोकरनारा देव असता, तर मी त्येला रोज तळहातावर घेतला असता व्हय रं?"

दोन वर्षांचं ओझं उतरलं आणि तो चाळिशीचा बाप्या आईच्या लुगड्यात तोंड खुपसून ढसाढसा रडला. खोटं बोललास त्याचं मात्र घरी गेल्यावर बघते, असंही अव्वानं तेवढ्यात सांगून ठेवलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. छिद्र बुजवलंय, पोरगं चिवट आहे, म्हणाले. मंजुश्रीनं त्यांना हात जोडले ते किती वेळ सोडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांसाठी बापाला आत सोडलं. टोपी आणि मुखपट्टी लावलेला तो माणूस कोण हे शिवांशला आधी कळेना. मग त्यानं बोटानं जवळ बोलावलं. विरूपाक्ष वाकला. नळ्या लावलेला इवलासा हात त्याच्या झग्याच्या गळ्यात शिरला, डबी सापडली, आणि पोराचा चेहरा निवांत झाला.

"हे माझंय," तो बारीक आवाजात म्हणाला.

"हाव बाबा, तुझंच."

"मग तुझं आण."

विरूपाक्षनं बाहेर येऊन शेजारच्या दुकानदाराला, शेषेरावला, फोन लावला; दुकानाची किल्ली त्याच्यापाशीच होती. गल्ल्याच्या वरच्या खणात चांदीची डबी आहे, आंघोळ करून हात लाव आणि इकडं घेऊन ये म्हणाला. शेषेरावनं पोराची खुशाली विचारली, मग उद्या सकाळच्या एसटीनं येतो म्हणाला.

"उद्या नको," विरूपाक्ष म्हणाला. लेकराची डबी त्यानं मुठीत धरली होती. "आजच निघ."