भिंगावरची काच

माझं आणि माझ्या नवऱ्याचं सगळ्यात जुळलं, एका काचेवरून मात्र कधी जुळलं नाही.

इसेयिन गावच्या बाजारामागे आमचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ चालवायचा माझा नवरा आदिगुन, आणि आदिगुनला चालवायची मी. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तो कायम एक साधी काच बसवून ठेवायचा. बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसते ती, फिल्टर म्हणतात. वाळवंटाकडून हरमाटनचा वारा सुटला की इथे हवेत धूळ नसते, वाळूच असते. ती भिंगावर बसली आणि कुणी फडकं फिरवलं की भिंगाचं वाटोळं. ओरखडा पडायचा तर काचेवर पडू दे, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, उन्हासमोर धरलं की ही काच फोटोत पांढरे डाग पाडते.

"एवढं चांगलं भिंग घ्यायचं आणि त्याच्या तोंडावर ही टुकार काच मारायची! म्हणजे नवरी घरात आणून तिच्या डोक्यावर चादर टाकून ठेवायची."

"नवरी टिकेल तरी."

"टिकेल हो. पण तुम्हाला दिसणार कधी?"

गिऱ्हाइकं हसायची. काही जण तर फोटो काढून झाला तरी आमचं भांडण ऐकायला बसून राहायचे.

मग आम्हाला जुळ्या मुली झाल्या. त्या दिवसापासून आम्हाला कुणी नावाने हाक मारली नाही. तो झाला बाबा इबेजी, जुळ्यांचा बाप, आणि मी इया इबेजी. आम्हीही एकमेकांना तसंच म्हणू लागलो. जुळ्यांची नावं आमच्यात शोधावी लागत नाहीत. आधी येते ती टाये, मागून येते ती केहिंदे. पण थोरली केहिंदेच. ती आत निवांत बसते आणि धाकटीला पुढे पिटाळते, जा, जग कसं लागतं ते चाखून ये. आमची टाये अगदी तशीच होती. गरम भांडं असो, कोंबडीचा डोळा असो, पाहुण्याचं टक्कल असो, तिचं बोट आधी तिथे पोचायचं. केहिंदे मागे उभी राहून निकालाची वाट बघायची.

तिसऱ्या वाढदिवसाला मी मोठ्या पातेल्यात पाम तेलातली चवळी शिजवली. जुळ्यांना चवळी आवडते, त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाढायची असते. ऊन उतरायला लागल्यावर आदिगुनने अंगणात कॅमेरा लावला. दुसऱ्यांच्या पोरांचे हजार फोटो काढले, पण आमच्या पोरींचा हा पहिलाच. सूर्य नेमका टायेच्या मागे होता.

"बाबा इबेजी, आज तरी ती काच काढा! आपल्या पोरी आहेत."

"बरं बाई, बरं," तो म्हणाला. पोरांचा गिल्ला चालू होता, मी वाढायला गेले.

फोटो धुऊन आला तर केहिंदेची वेणी न् वेणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि टायेच्या चेहऱ्यावर पांढरा धुरळा. नाक नाही, डोळे नाहीत. मी तणतणले. पुढच्या रविवारी पुन्हा काढू, असं तो म्हणाला.

त्या रविवारी दोघींना गोवर निघाला. केहिंदे उठली. टाये बाजाराला गेली.

जुळ्यांतलं एक गेलं तर आमच्यात 'मेलं' म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या कानावर पडलं तर तेही पाठोपाठ निघतं. बाजाराला गेलं म्हणायचं. मीही तेच म्हणते. पोटच्या पोराला मातीत जाताना आईबापांनी बघायचं नसतं, म्हणून सासूबाई आणि शेजारीपाजारी तिला घेऊन गेले आणि आम्ही दोघं दार लावून घरात बसलो. शेवटचं बघायलाही मिळालं नाही. हाताशी होता तो एवढा एक फोटो, आणि त्यात माझ्या मुलीला तोंड नव्हतं.

"तुमच्या काचेनं खाल्लं तिचं तोंड," मी त्याला म्हणाले. एकदा नाही, रोज म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. तो खाली मान घालून काम करायचा. त्याचं गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी धरून चालले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. जुळ्यांतलं एक गेलं की उरलेल्याला घेऊन आई फोटोवाल्याकडे येते. आम्ही भिंगापुढे अर्ध्या भागात काळा कागद चिकटवलेली एक कडी बसवतो. मूल आधी उजवीकडे बसवायचं, मग कडी उलटी फिरवून त्याच फिल्मवर तेच मूल डावीकडे. एकाच फोटोत दोघं शेजारीशेजारी येतात. आदिगुन त्या आईला फोटो दाखवताना डावीकडच्या मुलावर बोट ठेवून म्हणायचा, "ही बघा तुमची टाये." आई रडायची, फोटो छातीशी धरायची, आणि घरी जाऊन दोघांना, फोटोतल्यालाही, जेवायला वाढायची. असे शंभरएक फोटो आम्ही काढले असतील.

पण आमची टाये गेल्यावर त्याने ते काम बंद केलं. कुणी आलं की कडी मोडली म्हणून सांगायचा. कडी धडधाकट होती, मी रोज खणात बघत होते. मनाला लागलंय त्याच्या, असं मी समजून घेतलं. कॅमेरा मात्र तो रोज सकाळी खिडकीत नेऊन उजेडात तिरका धरायचा. काचेची धूळ बघतोय, असं मला वाटायचं आणि माझं डोकं फिरायचं. मुलगी गेली, आणि याला अजून काचेची काळजी!

चार महिने झाले. केहिंदे नीट जेवत नव्हती. झोपताना अर्धी चटई रिकामी सोडायची. सासूबाई एकदा कडाडल्या.

"अगं ए, दुसऱ्यांच्या पोरांची जोडी लावून देता आणि आपल्या घरातली तुटलेली बघत बसलायत? टायेला फोटोत जागा मिळाली नाही तर ती हिला बोलावून नेईल. मग बस दोन्ही हात चोळत!"

"तुमचा मुलगा काढत नाही त्याला मी काय करू?"

"तुझे हात काय गहाण पडलेत?"

सोमवारी आदिगुन फोटोचा कागद आणायला ओयो शहरात गेला. मी केहिंदेला न्हाऊमाखू घातलं, दोघींसाठी शिवलेल्या निळ्या झग्यांतला एक चढवला आणि कॅमेरा खाली काढला. कडी बसवायची तर आधीची काच काढावी लागते. ती एवढी घट्ट बसवली होती की फडक्यात धरून पिळावी लागली. निघाली, आणि बघते तर खाली भिंगावर चांगला तेलकट डाग!

मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन. वर काच मारून जिवापाड जपतोय आणि आत ही घाण! येऊ दे घरी, आता जन्मभर पुरेल एवढं बोलायला मिळालं. मी स्पिरिटचा बोळा फिरवला. डाग जुना होता, चटकन निघेना. भिंगावर हा करून तोंडाची वाफ दिली, पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेला भिंग कसं लख्ख झालं.

मग केहिंदेला उजवीकडे बसवलं, फोटो घेतला. कडी फिरवली.

"आता इकडे बस. आता तू टाये."

ती बसली, आणि न सांगता दोन बोटं तोंडात घातली. टाये घालायची तशी. माझ्या डोळ्यांपुढे काही दिसेना, अंदाजानेच बटण दाबलं.

दुपारी आदिगुन आला. मेजावर सुटी पडलेली काच बघून दारातच थबकला.

"काच कुणी काढली?"

"मी. आणि बाबा इबेजी, काचेखाली काय होतं ते विचारा! बोटभर तेल. सगळं पुसून काढलं. आता कसं निर्मळ झालंय बघा."

"पुसलंस?"

"स्पिरिटनं. तीनदा."

त्याने कॅमेरा घेतला, खिडकीत नेला. तिरका धरला, मग दुसऱ्या बाजूने धरला, मग डोळ्याच्या अगदी जवळ नेला.

"काय झालं? ओरखडा पडला का?"

"टायेचं बोट होतं ते," तो म्हणाला.

"कुठलं बोट?"

"वाढदिवसाला. तू म्हणालीस म्हणून काच काढून खिशात टाकली होती. मी केहिंदेला नीट उभं करत होतो, तेवढ्यात ही चवळीच्या हातानं येऊन भिंगाला बोट लावून गेली. माझ्या लक्षातच आलं नाही. फोटो बिघडला तेव्हा भिंग बघितलं. पुसणार होतो रविवारी. मग ती... मग नाही पुसलं. धूळ बसू नये, कुणाचं फडकं लागू नये म्हणून वर काच लावली. सकाळच्या उजेडात बोटाच्या रेघा मोजता यायच्या, आबेनी."

तीन वर्षांनी त्याने मला नावाने हाक मारली होती.

"मग मला का नाही सांगितलंत? मी रोज तुम्हाला..."

"काय सांगू? तू काच काढायला लावलीस म्हणून फोटो गेला, हे? मला शिव्या देत होतीस, तेच बरं होतं."

शंभर आया आमच्या दारातून रडत गेल्या, पण त्यांच्यातली एकही आपल्या हाताने आपलं पोर पुसून गेली नव्हती. ते मी केलं. वर हसलेही.

मी वेड्यासारखी स्वयंपाकघरात धावले. पाम तेलाची वाटी आणली, केहिंदेला ओढत आणलं, तिचं बोट तेलात बुडवलं आणि भिंगावर दाबलं. फोटोत हिचा चेहरा चालतो, तर बोट का नाही चालणार? एका पोटातल्या, एका दिवसाच्या पोरी. उमटलं. लहानसं, गोल, रेघारेघांचं.

"घ्या," मी म्हणाले. "लावा वरून काच."

तो कॅमेरा घेऊन खिडकीत उभा राहिला. मी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरून वाट बघत होते. एवढ्या आयांना म्हणाला होता, मलाही एकदा म्हण. खोटं तर खोटं, ही बघ तुझी टाये, एवढंच म्हण.

त्याने भिंग उजेडात तिरकं धरून रेघा मोजल्या.

"ही केहिंदे आहे," तो म्हणाला.